गुडघ्याची वाटी आणि कृष्णाकाठची पशुचिकित्सा

कृष्णा आणि कोयना यांच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या कराडमध्ये, शनिवार पेठेतील जुन्या वाड्यात म्हणा किंवा मलकापुराकडच्या नव्या सदनिकांत म्हणा, अलीकडे एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याच्या स्वरात खरी व्याकुळता असते. चार-पाच किलो वजनाचे एखादे पॉमेरियन वा पग जातीचे कुत्रे धावता धावता मागचा एक पाय पोटाशी उचलून धरते, तीन पायांवर काही उड्या मारते, मग तो पाय एकदा झटकते आणि काहीच घडले नसावे अशा रीतीने पुन्हा चारही पायांवर धावू लागते. डॉक्टर हाताने चाचपून सांगतात की गुडघ्याची वाटी सरकते आहे. आणि मग घरात दोन पक्ष पडतात, एक म्हणतो एवढ्याशा जिवाला चिरफाड कशाला, दुसरा म्हणतो आज टाळले तर ते जन्माचे पांगळे होईल. हा प्रश्न आजचा आहे खरा; परंतु तो आजच का उद्भवला आणि याच खोऱ्यात हजार वर्षे माणसाने जनावरे पाळली असताना यापूर्वी तो कोणी का विचारला नाही, याचा मागोवा घेतल्याखेरीज त्याचे उत्तरही नीट हाती लागत नाही, असे मला वाटते.

कुत्र्याविषयीची आस्था या भागाला नवी नाही. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचा शके ८८०चा, म्हणजे सन ९५९चा, ताम्रपट कराड येथे सापडला आणि इतिहासाच्या अभ्यासकांना तो सुपरिचित आहे. याच सम्राटाच्या कारकिर्दीत, दहा वर्षे आधी, आजच्या कर्नाटकातील आतकूर येथे एक शिलालेख कोरला गेला. चोळांवरील विजयात कृष्णाला साहाय्य करणाऱ्या गंग राजा बूतुगाचा मणलेर नावाचा एक पराक्रमी सेवक होता. त्याने पारितोषिक म्हणून जमीन वा सुवर्ण न मागता काळी नावाची शिकारी कुत्री मागून घेतली, आणि ती कुत्री एका दांडग्या रानडुकराशी झुंजताना, त्याला मारून स्वतःही मेली तेव्हा तिच्या नावाने दगड उभा केला, भूमिदान दिले आणि नित्य पूजेची व्यवस्था लावली. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात सहावा विक्रमादित्य याने कराडच्या शिलाहार राजकन्येशी, चंद्रलेखेशी, विवाह केला, त्याचे वर्णन बिल्हणाने आपल्या काव्यात विस्ताराने केले आहे; आणि याच विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने सन ११३०च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, याला स्वतंत्र स्थान दिले. हत्ती व घोडे यांच्या आजारांवरील उपचारांचीही चर्चा त्या ग्रंथात आहे. राजसभेत कुत्र्याला प्रवेश होता, परंतु तो धावणाऱ्या, झुंजणाऱ्या कुत्र्याला होता. लंगडणाऱ्या कुत्र्यासाठी त्या सभेत आसन नव्हते.

प्राचीन पशुवैद्यकाचा सारा डोलारा उपयुक्ततेवर उभा होता आणि त्यात निंद्य असे काही नाही. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलाशासनात मनुष्यांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची सोय केल्याचे सांगितले, ही गोष्ट आपल्या देशाला भूषणावह आहे. परंतु शास्त्र म्हणून जे लिहिले गेले ते शालिहोत्राच्या नावाने घोड्यावर आणि पालकाप्याच्या नावाने हत्तीवर. कारण राज्य त्यांच्या पाठीवर चालत होते. कौटिल्याने तर अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात असा नियम घातला की वैद्याच्या हयगयीने घोड्याचा रोग बळावला तर उपचारखर्चाच्या दुप्पट दंड आणि जनावर दगावले तर त्याची किंमत वसूल करावी. जनावराच्या शरीराबद्दल वैद्याला जबाबदार धरण्याची ही कल्पना केवढी जुनी आहे पाहा! मात्र ती जबाबदारी मालकाप्रत आणि खजिन्याप्रत होती, जनावराप्रत नव्हती.

मराठेशाहीत हीच परंपरा पागेत उतरली. पागेच्या हिशेबात घोड्याचे दाणा-वैरण, नालबंदी आणि सलोतऱ्याची चाकरी यांना जागा होती, आणि अठरा कारखान्यांत शिकारखाना होता, तेथे शिकारी कुत्रेही असत. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या हा कुत्रा तर लोकांच्या स्मृतीत आजवर जिवंत आहे. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांचे प्राण वाचवले असे सांगतात, आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस त्याची समाधी आजही दाखवतात. राजाच्या मर्जीतले जनावर असल्यामुळे त्याला मरणोत्तर एवढा मान मिळाला. कराडास पंतप्रतिनिधींचा कोट आणि वाडा होता, तेथेही घोड्यांची बडदास्त ठेवली जात असणारच. पण कसब्याच्या वेशीवर, कुंभारवाड्यात, धनगरांच्या तळावर फिरणाऱ्या शेकडो कुत्र्यांच्या पायांची चिंता करणारा एकही ओहदेदार कोणत्याही दरबारात कधी नव्हता.

श्रद्धेच्या क्षेत्रात मात्र कुत्र्याला मोठे स्थान होते. कराड तालुक्यातच तारळी नदीच्या काठी पाल येथे खंडोबाचे प्रसिद्ध ठाणे आहे. पौषात तेथे देवाच्या व म्हाळसेच्या लग्नाची यात्रा भरते, भंडाऱ्याने नदीचा काठ पिवळा होतो. त्या देवाच्या घोड्याजवळ कुत्रे असते आणि त्याचे भक्त वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे मानून कोटंब्यात घातलेला प्रसाद खातात. खाली कृष्णेच्या प्रवाहाबरोबर गेले तर औदुंबर आणि पुढे नरसोबाची वाडी ही दत्तक्षेत्रे लागतात, आणि दत्तात्रेयाच्या पायांशी चार वेद चार श्वानांच्या रूपाने उभे असल्याचे आबालवृद्ध मानतात. भाकरीचा पहिला चतकोर गाईला आणि दुसरा कुत्र्याला, हा घरोघरचा नेम होता. पण पोटाला घालणे हा धर्म होता, तुटलेला पाय बांधणे हा त्या धर्माचा भाग नव्हता. कुत्र्याचा पाय मोडला तर ते तीन पायांवर चालते, एवढेच लोकांना ठाऊक होते, आणि ते खरोखरच चालत असल्यामुळे कोणाला त्यापुढे विचार करण्याची गरज भासली नाही. शल्यवैद्यकाच्या आड या भागात कुत्र्याची अशुचिता जेवढी आली असेल त्याहून अधिक त्याची ही सोशिकता आली असावी, असा माझा समज आहे.

या खोऱ्यात गुडघ्याचा जो खरा इतिहास घडला तो बैलाचा. साताऱ्याचा पूर्व भाग, आटपाडी, म्हसवड, माणदेश ही खिलार जनावराची जन्मभूमी. खरसुंडीच्या आणि पुसेगावच्या यात्रांत खिलार बैलांचे बाजार भरत आणि तेथून पांढरीशुभ्र, ताठ शिंगांची जोडी घेऊन कृष्णाकाठचा शेतकरी घरी येई. नांगर, कुळव, मोट, गाडी, आणि साखर कारखाने निघाल्यावर उसाची वाहतूक, हे सारे ओझे त्या बैलाच्या मागच्या दोन पायांवर पडे. बैलाच्या मागच्या पायाला एक विकार जडतो, तो शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही: गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या आतल्या कडेवर वरच्या बाजूस अडकून बसते, पाय मागे ताठ राहतो, खूर जमिनीवर घासटत ओढला जातो, आणि मग एकाएकी झटका बसून पाय पुढे येतो. जुन्या वहिवाटीत याला उपाय म्हणजे डागणे. तापलेल्या लोखंडाने सांध्याभोवती दिलेल्या डागांच्या खुणा अंगावर वागवणारे बैल बाजारात सहज दिसत, आणि खरेदीदार त्या खुणा पाहून भाव पाडून मागे. मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या, आंबेहळद, कांडवेल बांधण्याचे ज्ञान धनगरांत आणि गावोगावच्या हाडवैद्यांत होते आणि मेंढराच्या साध्या मोडीवर ते यशस्वी होत असे. परंतु वाटीचा हा अडसर कामट्यांनी जाण्यासारखा नव्हता, आणि डागण्याने जनावराला दुसरी वेदना मिळे एवढेच.

आधुनिक पशुवैद्यकाने या विकारावर जो उपाय आणला तो इतका साधा आणि इतका परिणामकारक आहे की शेतकऱ्याचा सुरीवरचा अविश्वास त्यानेच प्रथम दूर केला असावा. बैलाच्या वाटीला खाली बांधून ठेवणारे तीन बंध असतात. त्यांतील आतला बंध, जागा बधिर करून, लहानशा छेदातून तोडला की अडकलेली वाटी मोकळी होते, आणि लंगडत आलेला बैल बहुधा चालत परत जातो. या शस्त्रक्रियेत निर्णयाला फारसा वाव नव्हता. बैल गाडीला चालत नसेल तर तो पोसणे परवडत नाही. शस्त्रक्रिया अल्प खर्चाची, थोड्या वेळाची. यशाची खात्री मोठी. जनावराचे मोल, त्याचे काम आणि उपचाराचा खर्च या तिन्ही गोष्टी एकाच तागडीत मावत होत्या.

हे आधुनिक ज्ञान येथवर कसे पोहोचले ते थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. युरोपात फ्रान्समधील लियाँ येथे १७६२ साली बूर्जेला याने पहिले पशुवैद्यकीय विद्यालय चालू केले. आपल्याकडे पुण्यास १८६२ साली लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली, ती अर्थातच घोड्यांसाठी. १८८६ साली परळ येथे मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभारलेले, बाई साकरबाईंच्या नावाचे पशुरुग्णालय त्याच्या शिक्षणाचे अंग बनले. १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली ती मुख्यतः बुळकांडीच्या भयाने, कारण त्या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे होत. कुत्रा या साऱ्या व्यवस्थेत कोठे होता? मुंबई सरकारच्या दप्तरात तो बहुधा उपद्रव म्हणून येतो. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली तेव्हा मुंबईतील पारशी समाज व त्यांच्याबरोबर अन्य लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली, आणि पुढे १८३४ साली जमशेदजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला. कुत्र्याला जगू द्यावे हा हक्क अशा रीतीने लढून मिळवावा लागला. त्याला बरे करावे हा विचार त्यानंतर बराच काळ दूर होता.

स्वातंत्र्यानंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि पशुसंवर्धन हे खाते गावापर्यंत आले. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात हा कायदा झाला ते यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेले, देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरात जन्मलेले. गोठ्यातले जनावर दगावले की घर कसे खचते हे अशा गावांत वाढलेल्या माणसाला पुस्तकात वाचावे लागत नाही. जिल्हा परिषदेच्या या दवाखान्यांनी घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत आणि बुळकांडी यांच्याविरुद्ध जे काम केले त्याची पुरेशी कृतज्ञता आपण व्यक्त केलेली नाही; २००६ साली भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला, त्यामागे याच आडगावच्या दवाखान्यांतील लसटोचणीचे श्रम होते. पण या दवाखान्याच्या अंगणात जो खोडा उभा असे तो बैल-म्हशींच्या मापाचा होता. लोक त्याला गुरांचा दवाखाना म्हणत आणि ते यथार्थ होते. तेथे काखेत मावणारे कुत्रे घेऊन जाणे म्हणजे संकोचाची गोष्ट होती, कारण रांगेत पुढे उभी असलेली म्हैस एका कुटुंबाचे अन्न होती.

लहान जातींची कुत्री मुळात या भूमीची नव्हेत. इथले देशी कुत्रे उंच पायांचे, धनगराबरोबर कोस-कोस चालणारे. शेजारच्या मुधोळ संस्थानात जोपासलेले कारवान कुत्रे तर केवळ धावण्यासाठीच घडले. मांडीवर बसणारी कुत्री इंग्रज अंमलदारांबरोबर महाबळेश्वरास व छावण्यांत आली, पुढे शहरांतील सुखवस्तू घरांत शिरली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तालुक्याच्या गावांपर्यंत आली. २००३ साली हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग दिसू लागल्यावर त्या जातीची मागणी एकाएकी वाढली. दुसरीकडे ट्रॅक्टरने बैलाला हळूहळू शेतातून बाहेर काढले. शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली निघाले. त्यामुळे पशुवैद्यकाच्या शिक्षणासाठी मुंबई गाठण्याची गरज सातारा-सांगलीच्या मुलांना राहिली नाही. अशा रीतीने वैद्यही जवळ आला आणि रुग्णही बदलला. ज्या गुडघ्याने बैलाच्या रूपात या खोऱ्याला शल्यक्रियेची ओळख करून दिली तोच गुडघा आता वेगळ्या शरीरात आणि वेगळ्या प्रश्नासह समोर आला.

कारण कुत्र्याचा गुडघा बैलासारखा नाही. त्याच्या वाटीला तीन नव्हे तर एकच बंध असतो. तो तोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, तोडला तर पायच निकामी होईल. मोटेचा नाडा जसा चाकाच्या खाचेतून सरकतो तशी ही वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून खालीवर सरकत असते. लहान जातींत ती खाच पुष्कळदा जन्मतःच उथळ आणि पायाचे हाड किंचित वाकडे असते, म्हणून वाटी आतल्या बाजूस घसरते. तेव्हा बरे करायचे तर खाच खोल करणे, बंध जेथे नडगीच्या हाडाला जोडलेला असतो तो उंचवटा कापून योग्य रेषेत बसवणे, सैल बाजू आवळणे आणि घट्ट बाजू सोडवणे, असे हाडाचे सुतारकाम करावे लागते. हे ज्ञान फार जुने नाही. फिनलंडच्या पात्सामा याने कुत्र्याच्या गुडघ्याच्या बंधांवर आपला प्रबंध लिहिला तो १९५२ साली. वाटी सरकण्याच्या चार श्रेणी कॅनडातील ग्वेल्फ येथे पुटनम याने १९६८ साली मांडल्या आणि पुढच्याच वर्षी सिंगलटन याने शस्त्रक्रियेचे विवेचन करताना त्यांना रूढ स्वरूप दिले. आज कराडमधील डॉक्टर पाय चाचपून ‘दुसरी श्रेणी’ म्हणतात तेव्हा ते याच परंपरेतून बोलत असतात.

पहिल्या श्रेणीत वाटी बोटाने ढकलली तर सरकते आणि सोडली की आपण होऊन जागेवर येते. कुत्रे क्वचितच लंगडते. दुसरीत ती चालता चालता स्वतःच निसटते आणि पाय झटकल्यावर किंवा हाताने बसवल्यावर परतते; प्रारंभी वर्णिलेली ती तीन पायांची उडी याच श्रेणीची. तिसरीत ती सदैव बाहेर असते, हाताने बसवली तरी टिकत नाही. चौथीत ती बसवताच येत नाही, आणि कुत्रे गुडघे वाकवून, दबून चालते. पहिल्या श्रेणीत सुरी उचलू नये, हे बहुतेक जाणत्या शल्यवैद्यांचे मत आहे आणि मला ते निःसंशय योग्य वाटते. केवळ चाचपणीत दोष सापडला म्हणून सुखाने हिंडणाऱ्या जनावराला भूल देणे हा उपचार नव्हे. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत, विशेषतः वाढत्या वयाच्या पिलात, विलंब घातक ठरतो, कारण ओढ चुकीच्या दिशेने पडत राहिली की कोवळी हाडे त्या दिशेने वाकत जातात आणि सहा महिन्यांपूर्वी जे साधले असते ते पुढे साधत नाही. खरा पेच दुसऱ्या श्रेणीचा आहे. तेथे श्रेणीच्या आकड्यापेक्षा कुत्रे आठवड्यातून किती वेळा पाय उचलते, ते प्रमाण वाढते आहे का, जिन्यावर चढण्यास ते कचरते का, मांडीचा स्नायू दुसऱ्या पायापेक्षा रोडावला आहे का, या गोष्टी अधिक बोलतात, आणि त्या डॉक्टरांच्या मेजावर दिसत नाहीत, घरच्याच माणसाला दिसतात.

याच गुडघ्याचा दुसरा विकार म्हणजे सांध्याच्या आत फुलीच्या आकारात असलेल्या बंधांपैकी एक तुटणे, आणि वाटी सरकणाऱ्या कुत्र्यात तोही होऊ शकतो. कालपर्यंत अधूनमधून उड्या मारणारे कुत्रे एकाएकी पाय टेकवेनासे झाले तर प्रथम याची शंका घ्यावी. या बाबतीत १९८४ साली व्हासर या पशुशल्यवैद्याने प्रसिद्ध केलेली पाहणी लहान कुत्र्याच्या धन्याने अवश्य जाणून घ्यावी: शस्त्रक्रिया न करता केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या कुत्र्यांपैकी १५ किलोपर्यंतच्या २८ कुत्र्यांत सुमारे ८६ टक्के पुढे पूर्ववत झाली किंवा सुधारली, तर त्याहून जड कुत्र्यांत हे प्रमाण सुमारे १९ टक्केच निघाले. पुढे १९९३ साली स्लोकम दांपत्याने नडगीचे हाड कापून फिरवण्याची पद्धती प्रसिद्ध केली, ती जड कुत्र्यांना वरदान ठरली. पण मोठ्या कुत्र्याचा न्याय लहानाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे त्या जुन्या पाहणीने आधीच दाखवून ठेवले होते.

बैलाच्या काळी ‘काम देईल का’ हा एकच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर शेतात मिळत असे. या कुत्र्याला काम नाही, बाजारभाव नाही, राजाची मर्जी नाही, देवाचे वाहनपणही नाही. त्याला दुखते का आणि ते किती दुखते, एवढ्यावरच निर्णय घ्यावयाचा आहे, आणि पशूच्या शरीराबद्दल असा निखळ प्रश्न या खोऱ्यात प्रथमच विचारला जातो आहे. म्हणून ‘कुत्र्यासाठी एवढा खर्च!’ असे म्हणून जे त्याची हेटाळणी करतात त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. तसेच माया सिद्ध करण्यासाठी शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असे जे मानतात त्यांच्याशीही नाही. कुत्रे वेदना लपवते. ते ओरडत नाही म्हणून दुखत नाही असे समजू नये. ते उडी मारते म्हणून असह्य दुखते असेही नाही, कारण वाटी निसटणे पुष्कळदा वेदनेपेक्षा अडसराचेच असते.

तेव्हा दुसऱ्या श्रेणीच्या लहान कुत्र्यासाठी, पाय टेकत असेल तर, घाई करू नये. प्रथम वजन उतरवावे, कारण पोळी-तूप आणि बिस्किटे यांनी आपल्याकडची घरची कुत्री सर्रास जाड झालेली असतात आणि प्रत्येक जादा पाव किलो त्या उथळ खाचेवर भार टाकतो. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी, पलंगावरून उड्या थांबवाव्यात, दोरीने बांधून सपाटीवर थोडे थोडे चालवावे. पाय उचलल्याच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवाव्यात आणि डॉक्टरांना नुसते सांगू नये, चालतानाचे चित्रीकरण दाखवावे. सहा-आठ आठवड्यांत खुणा विरळ झाल्या तर तसेच चालू द्यावे. त्या दाट होत गेल्या, किंवा मांडी रोडावली, तर क्ष-किरण तपासणी करून, हाडाच्या शस्त्रक्रियेचा हातखंडा असलेल्या शल्यवैद्याकडे जावे, त्यासाठी कोल्हापूर वा पुणे गाठावे लागले तरी गाठावे. आणि निघण्यापूर्वी एक गोष्ट घरात पक्की ठरवावी, ती म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे सहा-आठ आठवडे त्या कुत्र्याला कोंडून, उचलून, सांभाळून ठेवण्यासाठी कोण घरी थांबणार.